झाकणाआडची मनशीळ

मित्रांनो, मी एक जुनी मनशीळ आहे. नाव ऐकलं नसेल तर रुसणार नाही, पण थोडं वाईट वाटेलच. दिसायला मी लालबुंद, डाळिंबाच्या दाण्यासारखी.

आर्सेनिक आणि गंधक मिळून मी झाले. जमिनीच्या पोटात कढत पाण्याचे झरे वाहतात, त्यांच्या उबेत खडकाच्या फटीत हळूहळू जमले. शेजारी माझी पिवळी बहीण, हरताळ. पूर्वी लिहिताना चूक झाली की तीच फासायचे. माझ्या जातभाईंना कुणी रंगासाठी कुटलं, कुणी शोभेच्या दारूत घातलं. तापवलं की आम्हाला लसणीचा वास येतो. सांगून टाकलेलं बरं!

अंधारात काळ झोपेतच सरतो. एक दिवस दिव्याचा उजेड आला. एका खाणकामगारानं मला रुमालात बांधून नव्या नवरीसाठी नेलं. ती हरखली. तिनं मला खिडकीत ठेवलं. पुढे त्यांना लेक झाली. मग खाणीत दरड कोसळली आणि तो घरी परतलाच नाही.

त्यानंतर ती तासन्‌तास माझ्याकडे बघायची. ऊन अंगावर घेत मीही स्वप्नात असल्यासारखी पडून राहायचे. पण उजेड मला मानवत नाही. मला तडे गेले, खाली पिवळी भुकटी साचली.

एका दुपारी चिमुकल्या लेकीनं त्या भुकटीत बोट बुडवून तोंडाकडे नेलं. मित्रांनो, माझ्यात विष आहे. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. मला ओरडता येईना. दगड असल्याचा इतका राग कधी आला नव्हता.

तेवढ्यात तिचा काका आला. तो रंगारी, मला ओळखणारा. त्यानं तिचं मनगट धरलं, हात रगडून धुतला.

"वहिनी, हे पोटात गेलं तर पोर हातची जाईल. आजच ही मनशीळ घराबाहेर काढा."

तिनं लेकीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "भावजी, त्यांचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

तो विरघळला. म्हणाला, उजेडात हिचा भुगा होत जाणार. अंधारात आहे तशी राहील. पण मग बघायचं नाही, कधीच नाही.

भुकटी ओल्या फडक्यानं टिपून फडकं टाकून दिलं. मला पत्र्याच्या डब्यात घालून झाकण मेणानं बंद केलं आणि डबा उंच कपाटावर चढवला. मी रडले असते, येत असतं तर.

मित्रांनो, अनोळखी दगड सुंदर दिसला तरी विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि आवडतं ते सतत डोळ्यांसमोरच हवं, असा हट्ट धरू नका.

लेक आता मोठी झाली. परवा तिनं विचारलं, डब्यात काय आहे. बाबांनी आणलेला दगड, आई म्हणाली.

"कसा आहे गं?"

"लाल," झाकण न उघडता आईनं सांगितलं.

खरंच सांगते, मी अजून लालच आहे.