चुकीच्या जागी आलेलं हसू

तिजोऱ्या बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात म्हाताऱ्याची अडतीस वर्षं गेली, पण चोरीचा सिनेमा त्याने कधी पाहिला नव्हता. उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, असले सिनेमे बघायचे नाहीत. पडद्यावरचे चोर काहीतरी अडाण्यासारखं करतात, आपल्याला हसू येतं, आणि आपण कुठे हसलो ते शेजारी बसलेला लक्षात ठेवतो. म्हाताऱ्याने हे इतकं पाळलं, की कुठल्या पेढीत कुठली तिजोरी बसवली हे बायकोलाही तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत कळलं नाही.

रविवारी जावयाने जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर पडदे ओढून एक जुना कृष्णधवल सिनेमा लावला. चार वर्षांत सासऱ्याशी धड चार वाक्यं न बोललेल्या माणसाने आज त्याच्या पाठीला उशी आणून दिली. म्हातारा सुखावला. काम सोडून वर्ष झालं, उस्तादही वर गेला, आता कसली बंधनं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. लाड करून घ्यायचे असले की माणसाला कारणं भराभर सुचतात.

जावयाचा एक मित्रही आला होता. सडपातळ, कमी बोलणारा. त्याने खुर्ची अशी लावली होती, की टीव्हीपेक्षा म्हाताराच त्याला नीट दिसावा.

सिनेमा झकास होता. हॅट घातलेले चौघे, ओले रस्ते, भिंतींवर माणसांहून मोठ्या सावल्या. म्हातारा रंगून गेला. मग ते चौघे तिजोरीपाशी पोचले आणि त्यांच्यातला जाडा घाम पुसत तिच्या दाराला भोक पाडू लागला. म्हाताऱ्याला खुदकन हसू आलं.

जावयाने सिनेमा थांबवला. जाडा हातात गिरमिट धरून तसाच थिजला.

"का हसलात, बाबा?"

"काही नाही हो. लावा पुढे."

"सांगा की. आम्हाला काय कळतंय त्यातलं."

वाईट काम बघून गप्प बसणं चांगल्या कारागिराला जमत नाही, आणि ह्याची जीभ तर अडतीस वर्षं वळवळत होती. "अहो, दारावर काय मरताय? दार दाखवायला असतं. बनवणारा सगळं पोलाद पुढे घालतो आणि मागे हात आखडता घेतो."

मित्राने प्रथमच तोंड उघडलं. "आणि भिंतीत बसवलेली असली तर? गोल दाराची?"

"मग भिंतीपलीकडे कोण राहतं ते बघायचं," म्हातारा ऐटीत म्हणाला, आणि वाक्य संपता संपता त्याला ती भिंत आठवली.

गोल दाराची तिजोरी त्याने आयुष्यात एकदाच भिंतीत बसवली होती. जावई ज्या सराफाकडे कारकून होता, त्याच्याच पेढीत. पलीकडचं दुकान महिन्याभरापासून रिकामं होतं. त्याची चावी आता कोणाकडे आहे, हे विचारायची म्हाताऱ्याला भीती वाटली.

तो उठू लागला. "निघतो मी. डोळे दुखायला लागले."

"बसा," जावई म्हणाला. आवाज त्याने मुळीच चढवला नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारात मुलगी उभी होती. सातवा महिना, एक हात कमरेवर. तिला बघून म्हाताऱ्याला हायसं वाटलं. आता ही नवऱ्याला फैलावर घेईल.

"चल गं, मला बसस्टॉपपर्यंत सोड."

ती जागची हलली नाही. "बाबा, नुसती भिंत फोडून भागत नाही ना? मागे काय असतं?"

नव्हतंच भागत. मागच्या पत्र्याआड त्याने स्वतःच्या हाताने एक तार ओढली होती. ती तुटली की थेट पोलीस चौकीत घंटा वाजायची. हे त्याला आणि सराफाला सोडून कोणालाही ठाऊक नव्हतं.

"तुला हे सगळं माहीत होतं?"

"सिनेमा मीच शोधून आणला," ती म्हणाली. "हे लोक परवा जाणारच आहेत, बाबा. मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं. तुम्ही अर्धवट सांगितलंत तर सापडतील."

म्हाताऱ्याला तिचा भयंकर राग आला. तिला एक कानाखाली वाजवावी असं वाटलं, आणि त्याच वेळी तिला बसायला खुर्ची द्यावी असंही वाटलं. ती फार वेळ उभी होती.

"कागद आण," तो अखेर म्हणाला.

कागद आणि टोक केलेली पेन्सिल तिच्या हातात होतीच.