तिसरी फेरी

इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर होतं, तिथे मी एकतीस वर्षं काम केलं. वरच्या मजल्यांवरून मळक्या चादरींची गाठोडी नळकांड्यातून धपाधप खाली पडत. आम्ही ती सोडून चादरी वेगळ्या करत असू. रक्ताच्या इकडे, औषधाच्या डागांच्या तिकडे, नुसत्या घामेजलेल्या तिसरीकडे. धुऊन वाळवून चादर टेबलावर आली की शेवटचं काम माझं. दोन्ही हातांत धरायची आणि नाक लावायचं. वास राहिला असेल तर कोपऱ्याला लाल दोरा बांधून दुसऱ्या फेरीला टाकायची. दुसऱ्या फेरीला साबण दुप्पट. तिसऱ्या फेरीला जंतुनाशकात भिजवायची. त्यानंतरही वास आला तर चादर कात्रीखाली जायची, तिची फरशी पुसायची फडकी व्हायची.

माझ्या नाकाला तिथे मान होता. इस्त्रीवाली म्हणायची, "मोठ्या बाई गेल्या की त्यांचं नाक तेवढं काढून ठेवा गं. नव्या मशीनला बसवू."

सून माझ्याच शब्दावर तिथे कामाला लागली. उंच पोरगी, लांब मान, एका पायावर भार टाकून उभी राहायची सवय. सगळ्या तिला बगळी म्हणू लागल्या. तिला राग येत नसे. "बगळी तर बगळी. पांढरी तर आहे," म्हणायची. माझा मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. अठरा-वीस दिवस बाहेर, चार दिवस घरी. त्या चार दिवसांसाठी बगळी बाकीचे दिवस काढायची. तो यायचा असला की घड्या घालताना तिचा हात जास्तच भरभर चालायचा.

लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. एका दुपारी ती वाळवणाच्या मशीनमागे मला घेऊन गेली.

"आई, एक सांगू? हसणार नाही ना?"

"हसण्यासारखं असलं तर हसेन."

"मला वास येतो."

"इथे कुणाला येत नाही?"

"तसा नाही हो. खालून. मासळीसारखा. पातळ, राखाडी असं काहीतरी जातं. खाज नाही, दुखत नाही. पण ते घरी आले की जास्त येतो. मागच्या खेपेला त्यांनी तोंड फिरवलं. या खेपेला अंथरूणच बाहेरच्या खोलीत नेलं."

मी हसले नाही. उलट मला बरंच वाटलं. वासाचं काम म्हणजे माझं काम, त्यात मला कुणाला विचारायची गरज नव्हती. म्हटलं, नीट धूत नसशील. साबणाने धू, आतून धू. आठवड्याने ती म्हणाली, तसंच आहे. म्हटलं, दोनदा धू. तरी तसंच. मग एके दिवशी कामावरून निघताना मी चादरींच्या जंतुनाशकाची छोटी बाटली पदराखाली घालून घरी आणली. तांब्याभर पाण्यात एक झाकण, कसं घ्यायचं तेही मीच दाखवलं.

झोंबायचं तिला. न्हाणीघरातून बाहेर यायची ती ओठ दाबून. पण वास अर्धा दिवस जायचा, आणि त्या अर्ध्या दिवसावर आम्ही दोघी खूष. मग तो दुपटीने परत यायचा आणि ती पुन्हा तांब्या भरायची. मुलगा यायच्या आधी तर दिवसातून दोन वेळा. असं सहा महिने चाललं.

शेवटी इस्त्रीवालीच म्हणाली, "अहो, डोक्यावर अख्खं इस्पितळ आहे आणि तुम्ही दोघी तळघरात बसून डॉक्टरकी करताय!"

आम्ही वर गेलो. एकतीस वर्षांत दुसऱ्या मजल्यावर मी पाचदा गेले असेन. बायकांच्या विभागातली डॉक्टरीण माझ्या मुलापेक्षा लहान होती. तिने बगळीला तपासलं, काचेच्या पट्टीवर काहीतरी घेतलं, आत जाऊन पाहून आली.

"बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात याला," ती म्हणाली. "नाव मोठं आहे, पण आजार साधा आहे आणि पुष्कळ जणींना होतो. आत चांगले जंतू असतात, राखण करणारे. ते कमी झाले की दुसरे माजतात. ही घाण नाही, मळ नाही. त्यामुळे धुऊन जात नाही. आतून धुतलं तर राखण करणारेच मरतात. तुम्ही काय वापरत होतात?"

बगळीने माझ्याकडे पाहिलं. शरमेने माझे कान तापले होते.

"साबण," ती म्हणाली.

मी तिला तेवढ्यावर थांबू दिलं.

डॉक्टरणीने उपाय सांगितले. सात दिवसांच्या गोळ्या, सकाळी एक आणि रात्री एक. किंवा पाच दिवस आत लावायचं जेल. किंवा दुसऱ्या औषधाचं मलम, सात दिवस. गोळ्यांनी मळमळतं, तोंडाला लोखंडासारखी चव येते. मलमाने ते होत नाही, पण त्यात तेल असतं, निरोध फाटू शकतो. "आणि मधेच बरं वाटलं तरी थांबायचं नाही."

"गोळ्या द्या," बगळी म्हणाली. "आत काही घालायचा आता वीट आलाय."

पाचव्या दिवशी ती टेबलापाशी आली आणि कानाशी म्हणाली, "आई, माझा लाल दोरा सोडा." त्या खेपेला मुलाने बाहेरच्या खोलीत अंथरूण नेलं नाही. चारही दिवस दोघं भांडी घासतानासुद्धा एकमेकांना पाणी उडवत होती. मी ओरडले, पण उगाच.

दीड महिन्याने वास परत आला.

या वेळी जेल. गेला. पुन्हा आला. तोवर मुलाचं बोलणं बदललं होतं. जेवताना तो ताट घेऊन खिडकीशी बसे. ट्रकवाल्यांच्या गप्पांत कुणीतरी त्याला सांगितलं होतं की बायकोला असलं काही झालं की ते बाहेरून आलेलं असतं. तसं त्याने मला बोलून दाखवलं नाही. फक्त विचारलं, "ही कामावरून थेट घरीच येते ना?"

डॉक्टरणीने तिसऱ्यांदा तपासलं तेव्हा बगळी रडली. डॉक्टरीण म्हणाली, "तुमची चूक नाही. निम्म्याहून जास्त जणींना वर्षाच्या आत परत होतं. पण आता एक वेगळं करू. पूर्वी नवऱ्याला औषध देत नसत. अलीकडे दिसलंय की पुन्हा पुन्हा होत असेल तर दोघांनी एकाच वेळी घेतलेलं बरं पडतं. त्यांच्या गोळ्या आणि वरून लावायचं मलम, सात दिवस. तेवढे दिवस जवळ यायचं नाही. त्यांना घेऊन या, मी समजावून सांगते."

"ते चारच दिवस असतात. यायचे नाहीत."

डॉक्टरणीने त्याची इतर औषधं, ॲलर्जी असं सगळं विचारून घेतलं. दोन कागदी पिशव्या भरल्या. एकीवर लिहिलं 'ती', दुसरीवर 'तो'. "गाडी चालवतानाही घेता येतील. फक्त दारू नको. आणि दोघांनी एकाच दिवशी सुरू करा."

तो घरी आला त्या खेपेला बगळीने ते त्याला एका दुपारी सांगितलं. तो जेवून उठला होता, मी पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होते. खोल्या दोनच, जाणार कुठे?

"म्हणजे रोग तुला आणि औषध मला?" तो म्हणाला.

"डॉक्टर म्हणाल्या, दोघांनी घेतलं की..."

"माझ्याकडून आला म्हणतेस?"

"कुणाकडून आला असं नसतं यात, अहो."

"कुणाकडून नाही, तर मग मला गोळ्या कशाला?"

प्रश्न काही वेडा नव्हता. डॉक्टरणीने त्याचं उत्तर दिलं असतं.  बगळी नुसती एका पायावरून दुसऱ्या पायावर आली. मग तो माझ्याकडे वळला.

"आई, तू सांग. तू असतेस दिवसभर हिच्याबरोबर. काय प्रकार आहे हा?"

सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. ही कुठे गेली नाही, हिच्याकडे कुणी आलं नाही, मी हिला सहा महिने चादरींचं पाणी घ्यायला लावलं, राखण करणारे मी मारले. पण पोटच्या मुलासमोर या गोष्टी मी आयुष्यात कधी उच्चारल्या नव्हत्या. त्याला अंघोळ घालणं थांबवलं तेव्हापासून कमरेखालचा एक शब्द आमच्यात झाला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, माझ्या नाकाचा मान मला जपायचा होता.

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं, आणि टॉवेलाची घडी घातली.

बगळीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर गेला. 'तो' लिहिलेली पिशवी आरशामागच्या फळीवर तशीच राहिली.

पंधरा दिवसांत बगळी अर्धी झाली. अन्न समोर आलं की उठायची. वाफेत उभी असताना दोनदा भिंत धरली. मी आरशामागे हात घातला तर त्याच्या पिशवीतल्या गोळ्यांची पाकिटं रिकामी.

"अगं, त्याच्या गोळ्या कुठे गेल्या?"

"मी घेतल्या. आधी माझ्या, मग त्यांच्या."

"का गं पोरी?"

"दुसऱ्या फेरीला दुप्पट घालतो ना आपण," ती म्हणाली. "ते घेत नाहीत, तर त्यांच्या वाटचं मी घेतलं. कुणीतरी घ्यायला हवंच होतं."

मी तिला पुन्हा वर नेलं. डॉक्टरीण रागावली नाही. म्हणाली, "ताई, त्यांच्या अंगातलं तुमच्या गोळ्यांनी कसं जाईल?" इतक्या गोळ्यांनी बगळीला आता वेगळीच खाज सुटली होती, त्याचं वेगळं औषध. ते झालं की आठवड्यातून दोनदा जेल, चार ते सहा महिने. "आणि नवऱ्याला आणा. एकदाच. मी बोलते."

मुलाचा फोन आला तो मला. तिला द्यायला सांगितलं नाही. लांबच्या फेऱ्या घेतल्या आहेत, म्हणाला. तिकडेच ड्रायव्हर लोकांबरोबर खोली केली आहे. "बरी झाली की कळव."

तेव्हा मी बोलले. तळघरात, मशीनच्या आवाजात, एका कानावर हात ठेवून, जे त्या दुपारी बोलायचं होतं ते सगळं बोलले. बाटली, तांब्या, झाकण, सहा महिने. काही वगळलं नाही. आजूबाजूच्या बायका घड्या घालायच्या थांबल्या होत्या.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, त्या दिवशी विचारलं तेव्हा तुला काही कळत नव्हतं. आता एवढं सगळं कळायला लागलं? तिच्यासाठी खोटं बोलू नकोस. वय झालंय तुझं."

"अरे, खरंच..."

"ठेवतो."

बगळी शेजारच्याच टेबलाशी होती. तिने ऐकलं असणार. तिने हातातली चादर पूर्ण केली, कोपऱ्याला कोपरा लावून.

महिन्याने ती भावाकडे जायला निघाली. मी म्हटलं, थोडं थांब, सहा महिने तरी. औषध लागू पडेल.

"औषध लागू पडेलही," ती म्हणाली. "पण तीन फेऱ्या झाल्या, आई."

"माणसाला कुणी कात्री लावत नाही गं."

"नाही लावत. परत पाठवतात."

"जेल घेतलंस?"

"घेतलंय. सोमवार आणि गुरुवार." दारात तिने वाकून नमस्कार केला. मला तो नको होता, पण तिने केला. जाताना म्हणाली, "डॉक्टरणीला सांगा, साबण नव्हता म्हणून. तिच्या कागदावर चुकीचं नको."

मी सांगायला वर गेले. डॉक्टरणीची बदली झाली होती. तिच्या जागेवरच्या माणसाला मी काय सांगणार!

बगळी बरी झाली की नाही, मला माहीत नाही. तिच्या भावाने एकदा फोन उचलला, "आहे ठीक" म्हणाला आणि ठेवला. मुलगा दर महिन्याला फोन करतो. जेवलीस का, विचारतो. मी जेवले म्हणते. 'तो' लिहिलेल्या पिशवीत मलमाची नळी न उघडलेली आहे. तिच्यावरची तारीख उलटून गेली.

ती गेल्यानंतरच्या आठवड्यात तिसऱ्या फेरीतून आलेली एक चादर मी नाकाला लावली. वास होता. मी ती कात्रीच्या पेटीत न टाकता टेबलाखाली सरकवून ठेवली. दोन दिवस ती तिथेच होती. तिसऱ्या दिवशी देखरेखीवरची बाई आली, तिला ती दिसली. "ही इथे का पडली आहे?" तिने विचारलं. मी पुढची चादर ओढली. तिने माझ्या टेबलावरची कात्री उचलली आणि उभ्या उभ्याच चादर कापायला घेतली.