आबांनी दिलेलं वल्हं

आबांच्या अंगाला दोन वास होते, खाडीच्या खारट चिखलाचा आणि बॅटरीतल्या आम्लाचा. चैत्रातल्या तिरप्या उन्हात ते अंगणात बसत, तेव्हा आम्लाने जाळलेल्या बनियनच्या भोकांतून ऊन त्यांच्या पाठीवर टिपक्याटिपक्यांनी उतरे. वडिलांच्या चेहऱ्याआधी मला ती पाठ आठवते.

वर्सोव्याहून मढला उतारू नेणारी होडी आबांची आणि मामाची, दोघांच्या भागीत होती. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं, मी कॉलेजात होते. एके सकाळी मामाने होडीतलं डिझेल इंजिन सोडवून स्वतःच्या नव्या होडीत बसवलं आणि धक्क्यावर, सगळ्यांदेखत, हसत म्हणाला, "दाजी, वल्हवा आता हातानं!" उतारूही हसले. आबा धक्का चढून घरी आले.

ते अंधेरीच्या एका गॅरेजात बॅटऱ्या चार्ज करायच्या कामाला लागले. दोन वर्षांनी ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्या आणि भंगारातली एक विजेची मोटर घरी आली. सूड इतक्या निगुतीने रांधता येतो, हे मी तेव्हा पाहिलं. एका बॅटरीचं धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडताना त्यांचे खरबरीत हात तान्ह्याला न्हाऊ घालावं तसे हळुवार होत. कप्प्याकप्प्यात शुद्ध पाणी थेंबाथेंबाने उतरे, टोकांवर ग्रीस चढे, आणि समुद्राचा शिंतोडाही लागू नये म्हणून डांबर फासलेली लाकडी पेटी होडीच्या बरोबर मध्यावर बसे. पेटीशेजारी ते एक वल्हं ठेवत. वीज संपलीच तर असावं म्हणून असेल, असं मला वाटे.

मोटर पहिल्यांदा चालली तेव्हा आवाजच झाला नाही. मामाचं इंजिन सारी खाडी दणाणून सोडी, आणि आबा त्याच पाण्यावरून नुसत्या सावलीसारखे सरकत. मामाचा मला संताप होता, आजही आहे. खोटं कशाला सांगू?

मग एका दुपारी, ओहोटी सरून भरती लागायच्या बेतात असताना, मामाचं इंजिन खाडीच्या मध्यावर धापा टाकत बंद पडलं. त्याची होडी रिकामी होती. आबांच्या होडीत मी एकटीच होते. मामाने हात वर केला. "दाजी, दोर टाका!"

पाण्यावर मागितलेली मदत वैऱ्यालाही नाकारायची नाही, ही आमच्या कोळीवाड्याची रीत. आबांनी ती नाकारली नाही. त्यांनी मामाभोवती एक संथ, निःशब्द फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी. आणि ते वल्हं उचलून त्याच्या होडीत टाकलं.

"वल्हव आता हातानं."

दोन वर्षांहून जास्त जपलेलं तेवढंच वाक्य. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

आम्ही वळलो आणि मोटर मंदावली. जुन्या बॅटऱ्यांत वीज मोजकीच असायची. ती त्या तीन फेऱ्यांत सरली होती. रोज निघण्याआधी येण्याजाण्याचा हिशोब मनात मांडणारे आबा त्या दुपारी तो विसरले होते, आणि एकुलतं एक वल्हं आता मामाच्या हातात होतं. तो वल्हवत जवळ आला आणि त्याने दोर फेकला. दोर द्यायची रीत होती, घ्यायची नव्हती. आबांनी तो पाण्यात सोडून दिला आणि पेटीवर हात ठेवून बसून राहिले. मीही बसले. भरतीने आम्हाला किनाऱ्याला लावलं तोवर ऊन कलून गेलं होतं.

आबा गेले त्या दिवशी म्हातारा मामा तेच वल्हं घेऊन दारात उभा राहिला. त्याचे डोळे ओले होते. आई काही बोलणार होती, पण दार मी लावून घेतलं.

काळाच्या भरतीने त्यानंतर कितीएक गोष्टी वाहून नेल्या. ती एक दुपार मात्र माझ्यात अजून हललेली नाही, आणि तिच्या मध्यावर आबा, विझल्या बॅटऱ्यांवर हात ठेवून, कुणाचाही दोर न घेता बसलेले आहेत.