बारीक तारेखालचा स्क्रू

सारंग जिवंत होता तोवर यशवंतरावांनी त्याचं वाजवणं एकदाही धड ऐकलं नाही, आणि तो गेल्यावर त्याची बास गिटार नीट करायला बसले! माणूस उफराटाच असतो बघा.

एकुलता एक पोरगा, डेंग्यूनं बघता बघता नेला. वर्षश्राद्धाला गुरुजी म्हणाले, "त्याची आवडती वस्तू वापरणाऱ्याच्या हाती द्या, भिंतीला टांगू नका." वापरणारी एकच होती, तारनाक्याची रेणू. सारंगच्या बँडमध्ये गायची, बास त्याच्याकडूनच शिकली होती. आणि आता लपवायचं कशाला, या घरात सून म्हणून यायची तीच होती.

"द्यायची तर बराबर करून देऊ," यशवंतराव म्हणाले. अंबरपेठेत त्यांचं स्टेशनरीचं दुकान, पण कान मोठा तिखट. भजनात कुणाचा सूर जरा घसरला की यांच्या कपाळाला आठी. पोराच्या वाद्याशी मात्र त्यांचं कायमचं वाकडं. "चार तारा नि नुसतं धुम्म धुम्म! याला काय संगीत म्हणतात का रे, येड्या, हौल्या?" म्हणायचे, आणि खोलीचं दार लोटून घ्यायचे.

आज त्यांनी गिटार ॲम्प्लिफायरला जोडली आणि एकेक तार छेडली. तीन तारा सारख्या बोलल्या. चौथी, सगळ्यांत बारीक, अशी किंचाळली की स्वयंपाकघरातून सारंगची आई, प्रमिलाबाई, धावत आल्या. तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या काळ्या पट्टीत प्रत्येक तारेचा वेगळा स्क्रू होता. स्क्रू तारेच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. बारीक तारेखालचा पार वर आलेला. यशवंतरावांनी पेचकस घेऊन तो हळूहळू खाली बसवला. चारी तारा एका आवाजात आल्या.

"एवढंही कळलं नाही गं त्याला," ते पेचकस खाली ठेवत म्हणाले. "मला विचारलं असतं तर..."

"विचारायला तुमचं दार उघडं होतं का?" प्रमिलाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

संध्याकाळी रेणू आली. गिटार मांडीवर घेऊन तिनं चारी तारा छेडल्या आणि तिचा चेहराच उतरला.

"काका, याला कुणी हात लावला?"

"मीच. बघ, आता कशा बराबर झाल्या!"

"अय्यो काका... तो स्क्रू सारंगनंच वर ठेवला होता. बारीक तार तो मधल्या बोटानं वाजवायचा. त्या बोटात ताकदच नव्हती ना. शटरखाली सापडलं तेव्हापासून."

यशवंतराव तिच्या शेजारी येऊन बसले. शटर त्यांच्याच दुकानाचं, आणि मागे न बघता खाली ओढलं होतं ते त्यांनीच.

"पण ते तर बरं झालं होतं! मला म्हणाला, टेन्शन कायकू बाबा, एकदम ठीक आहे."

"तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती," रेणू म्हणाली. "म्हणायचा, बाबांचा कान लई तेज आहे. कधी ऐकायला आलेच, तर एक तार दबलेली कळेल त्यांना. मग जिवाला लावून घेतील."

तिनं मोबाईलवर त्याचं वाजवणं लावलं. यशवंतराव कानात प्राण आणून ऐकू लागले. तार जाडी कुठली, बारीक कुठली, आवाजात तसूभर फरक नव्हता. अरे देवा, पोरानं किती निगुतीनं झाकलं होतं!

ते धडपडत उठले, पेचकस उचलला. "पुन्हा वर घेतो. किती होता? तू सांग, मी थांबतो."

"मला नाही माहीत, काका. तो वाजवून वाजवूनच लावायचा."

यशवंतराव स्क्रू फिरवत, रेणू तार छेडत राहिली. जरा वर, तार किंचाळली. जरा खाली, तरी किंचाळलीच; पार खाली, तेव्हाच बाकीच्यांच्या बरोबरीला आली. तिची सगळी बोटं धडधाकट होती. तो स्क्रू बसवायला सारंगचं ते अधू बोट हवं होतं, आणि त्या बोटाला यशवंतरावांनी स्वतःच्या हातानं अग्नी दिला होता.

त्यांनी पेचकस बाजूला ठेवला. "रेणू, ते पुन्हा लाव बाई," ते हुंदके देत म्हणाले. "मी आलोय ऐकायला."