फिदी फिदीस

भवानीनगरच्या अलीकडं, उसाच्या कुशीत, मोहनरावांनी इंग्रजी शाळा काढली. काही वर्षांनी कमान उभी राहिली, कमानीवर दोन घोडे बसले. राहिलं ते ब्रीदवाक्य. मोठ्या शाळांच्या दारावर लॅटिन असतं, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं.

ज्योत्स्ना तिथं इंग्रजी शिकवायची. लासुर्ण्याची लेक, कविता म्हणायला लागली की खिडकीतली चिमणीही उडायची विसरावी. पण तिची नेमणूक म्हणजे हंगामी पीक, जूनमध्ये उगवायची, एप्रिलात वाळायची. कायम करण्याचं काढलं की मोहनराव म्हणायचे, "मॅडम, विश्वास ठेवा."

आता त्यांना विश्वासाचंच ब्रीद हवं होतं. तिनं सुचवलं, पालीत 'सद्धा' म्हणतात. आमच्या विहारात आजोबांच्या तोंडी असतो, सायीसारखा मऊ शब्द. मोहनरावांनी मान हलवली. शब्द गोड होता, पण फार जवळचा होता. विहारातला म्हटला की चार पालक चार गोष्टी विचारणार. लॅटिनला कोण विचारतंय?

मग तिनं कोश धुंडाळून 'विश्वासू माणसं, विश्वासू माणसांसाठी' एवढं लॅटिनमध्ये बसवलं. व्याकरण चोख होतं. पालकांना वाचता यावं म्हणून मोहनरावांनी ते देवनागरीत रंगवून घेतलं.

कमानीच्या उद्घाटनाच्या सकाळी तिच्यावर सोनेरी अक्षरं उजळली: फिदी फिदीस.

वांग्याची पाटी घेऊन निघालेल्या फुलाबाई थांबल्या. अक्षराला अक्षर जुळवत त्यांनी वाचलं. "आगं बया, हसायची शाळा हाय व्हय ही?" म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून तशाच हसल्या. मग ट्रॅक्टरवरचे हसले, टपरीवरचे हसले. वारं नसताना ऊस हलल्यासारखा वाटला.

मोहनरावांना घाम फुटला. पाहुणे दुपारी येणार होते. पेंटरनं ती अक्षरं पुसली आणि शिडीवरच ब्रश धरून थांबला.

"मॅडम, दुसरं सांगा. झटक्यात."

"सांगते, आबा. आधी कायम केल्याची ऑर्डर द्या."

"म्हंजी? आमच्यावर इस्वास न्हाय व्हय?"

"हाय की," ज्योत्स्ना म्हणाली, "पण लॅटिनमधला."

पेंटर शिडीवरनं खाली बघायला लागला. टपरीवरचेही सरकत जवळ आले. मोहनरावांनी सगळ्यांकडं पाहिलं, कमानीकडं पाहिलं आणि शिपायाला कागद आणायला पिटाळलं. ऑर्डर लिहून झाली, सही झाली. हात पुढं करून ते ब्रीदाची वाट बघत राहिले.

ज्योत्स्नानं कागद शांतपणे वाचला.

"शिक्का राहिला, आबा. मारून घ्या, ब्रशावरचा रंग वाळायला अजून वेळ हाय."