शेवटच्या बाकापर्यंत

आयडा पोटात होती तेव्हा बाबांचं मोठं डल्सिमर, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं तारांचं वाद्य, माझ्या मांडीवर ठरेना, घसरून गुडघ्यांवर यायचं. माझा नवरा क्लेटन हसला, पण दुसऱ्याच दिवशी अक्रोडाच्या फळ्या तासायला बसला. पोटापुढे मावेल एवढं, तीन तारांचं इवलंसं वाद्य त्याने मला करून दिलं.

"दोन्ही लेकरं एकाच मांडीवर," म्हणाला.

आमच्या खोऱ्यात सहा जानेवारीला जुना नाताळ करतात. त्या दुपारी शाळेच्या खोलीत नाताळची गाणी वाजवायची ती बाबांनीच, चाळीस वर्षं. यंदा त्यांची बोटं आखडली, कानही मंदावले. मी म्हटलं, मी वाजवते. बाबांच्या थोरल्या बहिणीने, ऑर्फा आत्याने, माझं डल्सिमर उचलून पाहिलं.

"डेल्फी, हे वाद्य आहे की साबणाची डबी? डास बरा, निदान ऐकू तरी येतो."

"आत्या, आधी ऐक तर खरं."

"ऐकते की! पण शेवटच्या बाकाला ऐकू गेलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून माझ्या नातवाची गिटार आणि स्पीकर. चालेल?"

चालणार नव्हतं. तरी मान हलवली.

बाबा नेमके शेवटच्या बाकावर जाऊन बसले. "पुढे बसलो तर तुझ्या बोटांकडेच बघत राहीन," म्हणाले.

तारा छेडायला टर्कीचं पीस हातात घेतलं आणि मेंढपाळांचं गाणं सुरू केलं. पहिल्या दोन रांगा पुढे झुकल्या. मागून कुणीतरी विचारलं, "सुरू झालं का?" आत्याने भुवई उंचावली. बाबा माझ्याकडे बघून हसत होते. ऐकू न येणारा माणूस हसतो तसं.

आणि आयडाने भोकाड पसरलं. क्लेटनने खांद्यावर घेतलं, झुलवलं, चमचा दिला. छे! दोन्ही हात माझ्याकडेच. शेवटी तिला घेतलं. पण मांडी एकच. डल्सिमर ठेवू कुठे?

समोर केकचं जुनं लाकडी टेबल होतं. सुक्या सफरचंदाचा थरांचा केक कोपराने बाजूला सारला.

"अगं, माझा केक!" आत्या ओरडली.

डल्सिमर टेबलावर ठेवलं, आयडाला दोन कोपरांमध्ये धरलं, तिच्या डोक्यावरून वाकले आणि पीस ओढलं.

टेबलच गाऊ लागलं! पातळ फळी, खाली पोकळ. सूर तिच्यात शिरला आणि दुप्पट होऊन बाहेर आला. बशीतले चमचे किणकिणले. आयडाने हुंदका अर्धाच सोडून दोन्ही तळवे फळीवर टेकवले. तिच्या हातांना गुदगुल्या होत होत्या बहुतेक. ती गप्प झाली, मग खुदकन हसली.

मेंढपाळ संपले, ताऱ्याचं गाणं सुरू झालं. मागची बाकं गुणगुणू लागली. तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले.

"डेल्फी!" खोलीभर आवाज घुमला. "मधली तार उतरलीय! कान कुठे आहेत तुझे?"

मग पोट धरधरून हसले सगळे. मी डोळे पुसत खुंटी पिळली.

"तार चढव आणि पहिल्यापासून घे," बाबा म्हणाले, आणि आमच्याआधी स्वतःच गाऊ लागले.

आत्याने आयडाला केकचा घास भरवला. "पुढच्या वर्षी टेबल मोकळं ठेवते," म्हणाली. "केक खिडकीत ठेवू."