राहतं घर

"उतरा खाली! पास्को, ते माझं छप्पर आहे!"

एडा ओरडत आली तोवर अर्धं छप्पर उतरलं होतं. शेजारचा पास्को वर उकिडवा बसून पहारीने खिळे उचकटत होता आणि त्याची बायको झिला खाली फळ्या रचत होती.

"तुझं होतं," पास्को वरूनच म्हणाला. "खिडकीला पडदा नाही, चुलीला धूर नाही, म्हणजे घर सोडलेलं. हॅनाफिन गावची रीत तुला मी शिकवायची का, पोरी?"

"वेस्ली तापाने फणफणला होता. जंक्शनच्या डॉक्टरकडे नेलं त्याला. पडदे भिजवून त्यालाच गुंडाळले होते. हे बघा!"

तिने कडेवरचं मूल पुढे धरलं. निळ्या फुलांच्या कापडातून वेस्लीने डोळे किलकिले केले.

"उतरला ना ताप? मग झालं तर," झिला म्हणाली. "सांगून जायचं होतंस."

"तुझं दार बडवलं होतं मी. तू उघडलं नाहीस."

"दारं रोजच बडवतात लोक. पाणी मागायला." झिलाने फळीवरची धूळ झटकली. "आणि शाळेचा मास्तर गाव सोडून गेला त्या दिवशी त्याचं दार कोणी उचललं गं? त्याचा चहा अजून गरम होता म्हणे."

वेस्लीचा पाळणा त्याच दाराचा होता.

या वाळवंटात झाड उगवत नाही. सोनं लागलं तेव्हा एकेक फळी खेचरांच्या गाड्यांतून आली. मागोमाग हॉटेलात पियानो आला, भर उन्हाळ्यात बर्फ आला. तेव्हा हीच झिला परातभर केक घेऊन घरोघर फिरायची. मग खडकातली सोन्याची शीर संपली, दगड भरडणारी गिरणी थांबली, आणि माणसं एकमेकांच्या खिडक्यांवर नजर ठेवू लागली. नव्या खाणीवर जायचं तर घर मोडूनच न्यावं लागे. आपलं नाहीतर दुसऱ्याचं.

एडाचा नवरा हार्लन कामाच्या शोधात उत्तरेला गेला होता. तो येईपर्यंत तापातून उठलेलं पोर रात्रीच्या वाऱ्यात ठेवायचं कुठे?

एडा तडक आत शिरली. चूल पेटलेल्या घराच्या खिळ्यालाही कोणी हात लावायचा नाही, हीसुद्धा इथली रीतच होती. धुराडं केव्हाच झिलाच्या ढिगात गेलं होतं. वेस्लीला दाराजवळ बसवून तिने कोपऱ्यातल्या वाळक्या झुडपांची मोळी चुलीत कोंबली आणि काडी ओढली. धूर खोलीभर कोंदला आणि उघड्या छपरातून सरळ पास्कोच्या तोंडावर गेला.

"अगं ए, डोळे फोडतेस का माझे?" तो खोकत, शिव्या घालत खाली उतरला.

"घर राहतं आहे, पास्को," एडा दारात उभी राहून म्हणाली. "फळ्या ठेवा आणि चालते व्हा."

पास्कोने बायकोकडे पाहिलं. झिला मात्र फळ्यांच्या ढिगावर ऐसपैस बसली.

"राहतं आहे, धूर आहे तोवर," ती म्हणाली. "झुडपं किती वेळ पुरणार? आम्हाला काही घाई नाही."

मोळी भरभर जळून गेली. एडाने खोलीभर नजर फिरवली. मग ती गुडघ्यांवर बसली, जमिनीच्या फळ्यांच्या फटीत सुरी घातली आणि सगळा भार देऊन एक फळी उचकटली. ती चुलीत सारून एडा दुसऱ्या फळीकडे वळली.